सुजलेली दंतमज्जा जिवंत ठेवता येते का? (वय ४६, खालची दाढ)

वाळवंटीकाठ | १२ सप्टेंबर २०२४

नमस्कार. मी साखळीला राहते आणि एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. वय ४६. माझी खालची उजवीकडची पहिली दाढ गेले दोन महिने थंड पाण्याने सणकत होती. घोट गिळला की कळ जात असे, म्हणून मी दुर्लक्ष केले. चवथीच्या दुसऱ्या दिवशी नेवरी खाताना सारण त्या दाढेत अडकले आणि जी कळ उठली ती रात्रभर थांबली नाही. आडवे झाले की ठणका वाढायचा, उठून बसले की थोडा उतरायचा. सासूबाईंनी लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवायला दिला, त्याने तासभर बरे वाटले. दुसऱ्या दिवशी औषधांच्या दुकानातून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून घेतल्या, त्यांचा काही उपयोग झाला नाही.

डिचोलीच्या दंतवैद्यांनी एक्स-रे काढून कीड मज्जेच्या, म्हणजे दाताच्या आतल्या मऊ जिवंत भागाच्या, अगदी जवळ पोचल्याचे दाखवले आणि रूट कॅनल करून कॅप बसवावी लागेल असे सांगितले. दुसरे मत घ्यावे म्हणून म्हापशाला एका तज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी दाढेला थंड फवाऱ्याचा कापूस लावून पाहिला, दाढेवर ठोकून पाहिले आणि म्हणाल्या, ‘दात उघडल्यावर मज्जेतून रक्त कसे येते ते पाहूया. वरचा सुजलेला भाग काढून मुळांतली मज्जा जिवंत ठेवता आली, तर रूट कॅनलची गरज पडणार नाही.’ त्यावर एक विशेष सिमेंट घालतात आणि मज्जा त्याखाली स्वतःला भरून काढते, असे त्यांनी समजावले. दोन्ही डॉक्टर मला प्रामाणिक वाटले, आणि अडचण नेमकी तीच आहे. मोठ्या माणसाच्या दाढेत हा उपचार चालतो का? ते सिमेंट खरोखरच नवी मज्जा तयार करते का? मला मधुमेह आहे, तीन महिन्यांची सरासरी साखर मागच्या वेळी ७.१ आली होती. येथे कोणी या विषयातले जाणकार असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

दंतशिल्प | १२ सप्टेंबर २०२४

ताई, मी याच शाखेत काम करतो. तोंड न पाहता निदान सांगणे योग्य होणार नाही, परंतु आपल्या प्रश्नामागचे शास्त्र मांडता येईल.

दंतमज्जा ही चारही बाजूंनी डेंटिनच्या, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थराच्या, भिंतींत कोंडलेली मऊ ऊती आहे. हाताला काटा लागला तर तेथील जागा सुजून फुगते. मज्जेला फुगायला जागाच नाही, त्यामुळे आतला दाब वाढतो आणि रात्री आडवे झाल्यावर डोक्याकडे रक्त अधिक आल्याने ठणका वाढतो. आपण वर्णन केलेल्या लक्षणांना आमच्या पुस्तकांत ‘अपरिवर्तनीय मज्जादाह’ म्हणतात, आणि आम्ही शिकलो तेव्हा त्या नावाला एकच उत्तर होते : मज्जा पूर्ण काढून टाकणे, म्हणजेच रूट कॅनल. मात्र ते नाव लक्षणांवरून दिलेले असते. २०१४ मध्ये रिकुची आणि सहकाऱ्यांनी दातांचे असे निदान आधी करून नंतर ते दात सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा अपरिवर्तनीय म्हटलेल्या दातांपैकी ८४.४ टक्के दातांतच निदान जुळले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की जेथे निदान जुळले तेथेही दाह सगळ्या मज्जेत सारखा पसरलेला नसतो. किडीच्या लगत पू आणि जंतू असतात, आणि तेथून थोड्याच अंतरावरची मज्जा पुष्कळदा निरोगी दिसते. सडलेला भाग आणि जिवंत भाग एकाच दाढेत शेजारी शेजारी असू शकतात.

मग प्रश्न उरतो तो हा, की रोगट भाग काढल्यावर उरलेली मज्जा बरी होते का. याचे मूळ उत्तर अमेरिकेतील काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड यांनी १९६५ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगाने दिले. त्यांनी साधे उंदीर आणि पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवलेले उंदीर घेऊन दोघांच्याही दाढांची मज्जा मुद्दाम उघडी पाडली. साध्या उंदरांची मज्जा मेली. जंतुविरहित उंदरांच्या उघड्या दाढांत अन्न अडकत राहिले, तरीही त्यांच्या मज्जेने स्वतःवर नव्या डेंटिनचा पूल बांधला. मज्जेत बरे होण्याची शक्ती असते आणि जंतू ती हिरावून घेतात, हा त्या प्रयोगाचा अर्थ आहे. आजचा सगळा उपचार त्यावर उभा आहे.

युरोपियन सोसायटी ऑफ एंडोडोन्टॉलॉजीने २०१९ मध्ये आणि अमेरिकन असोसिएशन ऑफ एंडोडोन्टिस्ट्सने २०२१ मध्ये प्रौढ दातांतील या उपचाराला आपल्या अधिकृत भूमिकेत जागा दिली. म्हापशाच्या डॉक्टरांनी रक्त पाहूनच ठरवू असे सांगितले, हे मला विशेष आवडले. मज्जा कापल्यावर सोडियम हायपोक्लोराइटात भिजवलेला कापूस हलक्या हाताने दाबून ठेवतात. काही मिनिटांत रक्त थांबले तर उरलेली मज्जा सावरण्याजोगी आहे असे धरतात. गडद रक्त वाहतच राहिले, तर आणखी खोल जायचे. मुळांच्या तोंडाशी पोचूनही ते थांबले नाही किंवा एखाद्या मुळात रक्तच नसले, तर त्याच बैठकीत रूट कॅनलकडे वळायचे. म्हणजे दोन डॉक्टरांतून एकाची निवड आजच करण्याचे आपल्याला कारण नाही. दाढ उघडेपर्यंत दोन्ही वाटा खुल्या आहेत.

पेडण्याचा_तारवटी | १३ सप्टेंबर २०२४

मी बोटीवर नोकरी करतो. माझा अनुभव वाईट आहे, तरीही तो येथे लिहायला हवा असे वाटते.

तीन वर्षांपूर्वी सुट्टीवर आलो असताना वरच्या दाढेत हाच उपचार करून घेतला. ठणका दुसऱ्याच दिवशी गेला. वर तात्पुरते भरण घातले होते आणि कायमचे भरण व कॅप पंधरा दिवसांनी करायची होती. तेवढ्यात कंपनीचा बोलावा आला आणि मी निघालो. दाढ दुखत नव्हती, त्यामुळे पुढच्या सुट्टीत पाहू असे मनाशी म्हटले. पाचव्या महिन्यात भरणाचा एक कोपरा तुटला. नवव्या महिन्यात मी भर समुद्रात असताना गाल सुजला, ताप आला, आणि पुढचे बंदर येईपर्यंतचे अकरा दिवस मी वेदनाशामकांवर काढले. घरी परतल्यावर त्या दाढेचे रूट कॅनल झाले. डॉक्टरांनी सांगितले की आतले सिमेंट जागच्या जागी होते, पण तुटलेल्या कडेने लाळ आणि जंतू आत शिरले होते.

तात्पुरते भरण किती दिवस टिकते हे मला कोणी बजावून सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते. तेव्हा ताई, शाळेची परीक्षा असो वा घरचे कार्य असो, वरचे पक्के भरण झाल्याशिवाय हा उपचार पुरा झाला असे समजू नका.

दंतशिल्प | १३ सप्टेंबर २०२४

आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. अशा दाढा मीही पाहिल्या आहेत. दुखणे थांबले की रुग्णाच्या दृष्टीने काम झालेले असते, आणि आम्हीही त्या क्षणी पुरेसे स्पष्ट बोलत नाही. शक्य असेल तेथे मी पक्के भरण त्याच दिवशी करतो. याचे कारण आपण सांगितलेलेच आहे.

चिरेबंदी | १४ सप्टेंबर २०२४

मी मडगावला बांधकाम क्षेत्रात अभियंता आहे. दातात ‘सिमेंट’ घालतात म्हणजे नेमके काय घालतात, हे कोणी सांगेल का? माझ्या एका डॉक्टर मित्राच्या म्हणण्यानुसार ते आपल्या गोणीतल्या पोर्टलँड सिमेंटचेच भाऊबंद आहे. त्याने हे गंभीरपणे सांगितले, तरी माझा विश्वास बसलेला नाही.

दंतशिल्प | १४ सप्टेंबर २०२४

आपल्या मित्राने खरेच सांगितले आहे, आणि हा भाग मला स्वतःला अतिशय रोचक वाटतो.

कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दाताच्या मुळाला पडलेले भोक बुजवण्यासाठी पदार्थ शोधत होते. अडचण अशी होती की दातात भरण्याच्या बहुतेक पदार्थांना कोरडी जागा लागते, आणि मुळाशी किंवा मज्जेशी तर सतत ओल व रक्त असते. पोर्टलँड सिमेंट मात्र पाण्यातच घट्ट होते. त्यांनी शुद्ध केलेल्या पोर्टलँड सिमेंटात बिस्मथ ऑक्साइड मिसळले, कारण त्याशिवाय ते एक्स-रेमध्ये डेंटिनपासून वेगळे दिसले नसते. या मिश्रणाला ‘मिनरल ट्रायऑक्साइड अॅग्रिगेट’ हे नाव मिळाले. आम्ही त्याला एमटीए म्हणतो. १९९३ मध्ये त्याबद्दलचे पहिले लेखन प्रसिद्ध झाले आणि १९९८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. पोर्टलँड सिमेंटचे पेटंट जोसेफ अॅस्पडिनने १८२४ मध्ये घेतले होते, म्हणजे भिंतीतून दाढेत यायला या पदार्थाला सुमारे पावणेदोनशे वर्षे लागली.

रसायन आपल्याला परिचित असेल. ट्रायकॅल्शियम सिलिकेटला पाणी मिळाले की कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटचा जेल तयार होतो आणि सोबत कॅल्शियम हायड्रॉक्साइड बाहेर पडते. आपल्या स्लॅबमध्ये हे कॅल्शियम हायड्रॉक्साइड गजांना गंजण्यापासून वाचवते. दातात ते त्या जागेचा सामू १२ च्या आसपास नेते, उरलेसुरले जंतू मारते आणि मज्जेच्या पृष्ठभागाचा अगदी पातळ थर जाळते. याच सान्निध्यात डेंटिनमध्ये अडकून राहिलेली वाढघटक प्रथिने मोकळी होतात. दात तयार होत असताना ती तेथे गाडली गेलेली असतात. त्यांच्या हाकेने मज्जेतल्या मूळ पेशी जखमेकडे येतात, डेंटिन बनवणाऱ्या पेशींसारख्या होतात आणि सिमेंटच्या खाली कठीण पूल बांधू लागतात.

जुन्या एमटीएचे दोन दोष होते. ते घट्ट व्हायला पावणेतीन तास लागत, आणि बिस्मथमुळे दात काळसर पडे. नंतर आलेल्या बायोडेंटिनमध्ये शुद्ध ट्रायकॅल्शियम सिलिकेट आहे, बिस्मथऐवजी झिर्कोनियम ऑक्साइड आहे, आणि द्रवात कॅल्शियम क्लोराइडबरोबर पाण्याचे प्रमाण कमी ठेवणारा पॉलिमर असतो. काँक्रीट लवकर घट्ट व्हावे आणि कमी पाण्यात पसरावे म्हणून आपण जे मिसळता, तेच तत्त्व येथे आहे. सुमारे १२ मिनिटांत ते घट्ट होते, म्हणून त्याच बैठकीत वरचे भरण करता येते.

एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो : गोणीतले सिमेंट दातात चालत नाही. त्यात जड धातूंच्या अशुद्धी असतात, कण भरड असतात आणि ते एक्स-रेमध्ये नीट दिसत नाही.

चिरेबंदी | १४ सप्टेंबर २०२४

क्युरिंगसाठी लागणारी ओल मज्जेकडूनच मिळते, असे समजावे का?

दंतशिल्प | १४ सप्टेंबर २०२४

होय, काही अंशी. एमटीए वापरताना पूर्वी वरून ओला कापूसही ठेवावा लागे आणि रुग्णाला पुन्हा बोलवावे लागे.

पर्वरी_पहाट | १५ सप्टेंबर २०२४

हा धागा वाचताना माझा स्वतःचा एक प्रश्न जागा झाला. माझ्या मुलाचे दुधाचे दात पडू लागले तेव्हा ते मूळ पेशींसाठी जपून ठेवण्याची सेवा आम्हाला एका खासगी कंपनीने सांगितली होती आणि त्यासाठी बरीच मोठी रक्कम मागितली होती. पुढे आईवडिलांच्याही दातांना उपयोग होईल, असे त्या प्रतिनिधीने सांगितले. मूळ पेशींनी नवी मज्जा तयार होते, तर मग ताईंच्या दाढेत सिमेंट तरी कशाला? आणि रक्तातून काढलेला पीआरएफ नावाचा पदार्थही दातात घालतात असे ऐकले आहे.

सूक्ष्मदर्शी | १५ सप्टेंबर २०२४

मी पेशीजीवशास्त्रात काम करते, दंतवैद्य नाही. तेवढ्या मर्यादेत लिहिते.

मला वाटते या धाग्यात ‘पुनर्जनन’, म्हणजे नवी मज्जा तयार होणे, ही कल्पना दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरली जात आहे. ताईंच्या दाढेत जे करायचे आहे त्यात नवी मज्जा तयार होत नाही. मुळांतली मज्जा आधीच जिवंत आहे. तिच्यावरचा रोगट भाग काढून तिला जंतूंपासून वेगळे केले जाते आणि ती आपल्या अंगभूत शक्तीने स्वतःवर झाकण बांधते. सिमेंट त्यासाठी योग्य परिस्थिती निर्माण करते. ‘पुनर्जनन करणारे सिमेंट’ असे म्हटले की सगळे श्रेय पदार्थाला जाते आणि रुग्णाची अपेक्षा भलतीकडे वळते. शिल्लक मज्जा मेलेली असेल, तर जगातले कोणतेही सिमेंट तिला उठवू शकत नाही.

नवी मज्जा उगवण्याचे प्रयत्न ही स्वतंत्र गोष्ट आहे. मज्जेत मूळ पेशी असतात हे ग्रॉन्थॉस, शी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवले, आणि दुधाच्या दातांतल्या पेशींबद्दल २००३ मध्ये लिहिले गेले. जपानमध्ये नाकाशिमा यांच्या गटाने मज्जादाह झालेल्या पाच प्रौढ रुग्णांत त्यांच्याच मज्जेतल्या पेशी वाढवून स्वच्छ केलेल्या मुळात परत सोडल्या. तो प्राथमिक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. चीनमध्ये २०१८ मध्ये मार लागून मज्जा मेलेल्या मुलांच्या दातांत त्यांच्याच दुधाच्या दातांतील पेशी वापरल्या गेल्या. त्याशिवाय लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये शार्प यांच्या गटाने २०१७ मध्ये टायडेग्लुसिब हे औषध कोलॅजनच्या स्पंजात भिजवून उंदरांच्या दातांत ठेवले आणि भोक नैसर्गिक डेंटिनने भरल्याचे दाखवले. हे सारे मला मनापासून आशादायक वाटते. परंतु पेशी वाढवायला अतिशय काटेकोर प्रयोगशाळा लागते, आणि गोव्यातल्या, किंबहुना देशातल्या नेहमीच्या दवाखान्यात हा उपचार आज मिळत नाही. मुलाच्या पेशी आईवडिलांच्या दातांत घालण्याचे जे आश्वासन आपल्याला दिले गेले, त्यावर मी पैसे खर्च केले नसते.

पीआरएफ म्हणजे रुग्णाचेच थोडे रक्त यंत्रात फिरवून मिळवलेला फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा, गोळा. तो त्यातल्या वाढघटकांसाठी मज्जेवर ठेवून वर सिमेंट घालतात. तो निरुपद्रवी आहे, मात्र चांगल्या सिमेंटपेक्षा त्याचा ठळक फायदा सातत्याने दिसलेला नाही.

जुना_दवाखाना | १६ सप्टेंबर २०२४

मी निवृत्त दंतवैद्य आहे. सासष्टीत चौतीस वर्षे दवाखाना चालवला. तरुण मित्रांचा उत्साह मला समजतो, परंतु दुसरी बाजूही येथे यायला हवी.

मज्जा जिवंत ठेवण्याची कल्पना नवी नाही. जर्मनीतील हेर्मान यांनी कॅल्शियम हायड्रॉक्साइड १९२० च्या दशकातच दातात आणले होते, आणि माझ्या उमेदीच्या काळात उघड्या मज्जेवर आम्ही सर्रास तेच लावत होतो. काही दात उत्तम टिकले. बरेचसे दोन-तीन वर्षांत पुन्हा दुखू लागले, किंवा त्याहून वाईट म्हणजे न दुखताच मेले आणि मुळाशी गळू झाल्यावर लक्षात आले. ते औषध हळूहळू विरघळत असे आणि त्याखाली बांधल्या जाणाऱ्या पुलात बोगद्यांसारखी छिद्रे राहत. त्या अनुभवाने मी शेवटी हात आखडला आणि मोठ्यांच्या दाढेत सरळ रूट कॅनल करू लागलो. मज्जा जिवंत असताना काळजीपूर्वक केलेले रूट कॅनल हा अत्यंत भरवशाचा उपचार आहे, हे विसरू नये.

माझी खरी चिंता पुढची आहे. मज्जा ठेवलेल्या दाढेवर वर्षानुवर्षे नजर ठेवावी लागते. सत्तरी वा काणकोण तालुक्यातल्या रुग्णाला ठणका थांबल्यावर एक दिवसाची मजुरी बुडवून एक्स-रेसाठी बोलवून पाहा. तो येत नाही, आणि त्याचा दोष मी त्याला देत नाही. शिवाय काही दाढांत मज्जा इतका चुना साठवते की मुळाची नळी बुजत जाते, आणि पुढे रूट कॅनल करायची वेळ आली तर वाट सापडत नाही.

ताईंसाठी आणखी एक. दुकानातून आणलेले अँटिबायोटिक मज्जादाहात काम करीत नाही, कारण दुखणे दाबाचे व दाहाचे आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये निरोगी प्रतिकारशक्ती असलेल्या प्रौढांना अशा दुखण्यात ते देऊ नये असेच सांगितले आहे. सूज गालावर पसरली, ताप आला, तोंड उघडेना, तर गोष्ट वेगळी. तेव्हा थेट बांबोळीचे सरकारी रुग्णालय गाठावे.

दंतशिल्प | १६ सप्टेंबर २०२४

सर, आपल्या पिढीने केलेल्या निरीक्षणांमुळेच आम्हाला पदार्थ बदलण्याची गरज कळली, हे मी आदराने म्हणतो. ताहा आणि खझाली यांनी २०१७ मध्ये प्रौढांच्या अशाच दुखऱ्या दाढांत मज्जेचा वरचा थर काढून दोन गट केले. दोन वर्षांनी एमटीए लावलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के दाढा चांगल्या होत्या, तर कॅल्शियम हायड्रॉक्साइड लावलेल्यांपैकी ४३ टक्के. आपल्याला जे दिसत होते तेच या आकड्यांत आहे.

रूट कॅनलशी तुलना इराणमध्ये असगारी आणि सहकाऱ्यांनी केली. अनेक केंद्रांतल्या ४०७ रुग्णांना दोन गटांत विभागले. एका गटात असगारी यांनीच विकसित केलेल्या सीईएम या कॅल्शियमयुक्त सिमेंटने मज्जा वाचवली, दुसऱ्यात एका बैठकीचे रूट कॅनल केले. पाच वर्षांनी यशाचे प्रमाण अनुक्रमे ७८.१ आणि ७५.३ टक्के निघाले. म्हणजे मज्जा ठेवल्याने दाढ अधिक धोक्यात गेली नाही, आणि दाताचा आतला भाग पोखरावा लागला नाही. जिवंत दाताला चावण्याचा जोर कळतो आणि नव्या किडीला तो प्रतिकार करू शकतो, हेही मोलाचे आहे. नळी बुजण्याबद्दल आपले म्हणणे मला मान्य आहे. पुन्हा न येणाऱ्या रुग्णाबद्दल तर पूर्णपणे मान्य आहे, आणि काही रुग्णांना मी याच कारणाने रूट कॅनल सुचवतो.

वाळवंटीकाठ | १७ सप्टेंबर २०२४

आपणा सर्वांचे लिखाण मी दोनदा वाचले. डॉक्टर, मधुमेहाचा आणि वयाचा प्रश्न राहिला. आमच्या घरात चौघे मधुमेही आहेत, त्यामुळे उत्तर सगळ्यांच्याच कामी येईल.

दंतशिल्प | १७ सप्टेंबर २०२४

ताई, हा प्रश्न गोव्यात सर्वांनीच विचारायला हवा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले, २६.४ टक्के. माझ्या खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येक प्रौढाला मी साखर विचारतो ती याच कारणाने.

साखर अनियंत्रित असली की बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत आणि जखम भरायला वेळ लागतो. मज्जेला रक्त मिळते ते मुळाच्या टोकावरच्या केसासारख्या बारीक छिद्रातून, तेव्हा तिला हा फटका बसणारच. ७.१ हा आकडा मात्र मला अडवणारा वाटत नाही. दहा-अकरा असता तर आधी साखर आटोक्यात आणा असे सांगितले असते, आणि तोवर दुखणे थांबवण्यापुरते काम केले असते.

वयाने मज्जेची पोकळी अरुंद होते आणि पेशी कमी होतात, हे खरे आहे. तरीही चाळिशी-पन्नाशीतल्या मज्जा उत्तम बऱ्या होताना मी पाहतो. दाढ ठोकल्यावर फार दुखते का, मुळाशी एक्स-रेमध्ये काळी सावली आहे का, उरलेल्या दातावर पक्के भरण टिकेल का आणि मुख्य म्हणजे रक्त थांबते का, हे प्रश्न वयाच्या आकड्याहून अधिक वजनाचे आहेत.

वाळवंटीकाठ | २१ सप्टेंबर २०२४

काल उपचार झाला. जसे घडले तसे लिहिते.

डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे एक तास आधी सूज उतरवणारी गोळी घेतली होती. जबड्याचे इंजेक्शन दिल्यावर ओठ पूर्ण बधिर झाला, तरी दाढेला हात लागताच कळ आली. अशा सुजलेल्या दाढेत असे पुष्कळदा होते असे सांगून त्यांनी गालाच्या बाजूने दुसरे इंजेक्शन दिले, त्यानंतर काही जाणवले नाही. मग दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवला. लाळेचा एक थेंबही आत जाता कामा नये, हे त्यांनी दोनदा सांगितले. तुम्हा सर्वांचे वाचून गेल्यामुळे त्यामागचे कारण मला ठाऊक होते.

कडेची कीड आधी काढली, मज्जेजवळची शेवटी. मज्जा उघडी पडल्यावर त्यांनी निर्जंतुक केलेला नवा बर (कोरण्याचे टोक) लावला आणि वरचा दोन मिलिमीटरचा थर काढला. कापूस दाबून पाच मिनिटे थांबलो. रक्त थांबले नाही. खरे सांगते, त्या वेळी माझा धीर सुटला आणि आता रूट कॅनलच होणार असे वाटले. त्यांनी मुळांच्या तोंडापर्यंतची सगळी वरची मज्जा काढली आणि पुन्हा कापूस दाबला. या वेळी चार मिनिटांत रक्त थांबले. त्यांनी यंत्रातून काढलेला फोटो मला पडद्यावर दाखवला : तीन बारीक गुलाबी ठिपके, मुळांतल्या प्रत्येक नळीच्या तोंडाशी एक. माझ्याच दाढेतला तो जिवंत भाग पाहून मला भरून आले.

त्यावर सुमारे तीन मिलिमीटर जाडीचे सिमेंट घातले, घड्याळ लावून बारा मिनिटे थांबलो, आणि वर पक्के भरण त्याच वेळी झाले. एकूण दीड तास लागला. रात्री थोडे ठुसठुसले, एका गोळीवर झोप लागली. पुढच्या महिन्यात दाढेवर अर्धी टोपी बसवायची आहे, कारण एका बाजूची भिंत पातळ राहिली आहे.

पेडण्याचा_तारवटी | २१ सप्टेंबर २०२४

त्या तारखेला काहीही होवो, जा.

जुना_दवाखाना | २२ सप्टेंबर २०२४

पहिल्या थराला रक्त थांबले नाही म्हणून आपल्या डॉक्टरांनी घाईने सिमेंट लावले नाही, आणि सगळे सोडूनही दिले नाही. हे काम मला आवडले. आमच्याकडे हा पदार्थ आणि तो रबराचा पडदा त्या काळात असता, तर मी कदाचित हात आखडला नसता.

वाळवंटीकाठ | २४ मार्च २०२५

सहा महिने झाले. अर्धी टोपी ऑक्टोबरमध्येच बसवली. थंड, गरम, गोड, कशानेही दाढ सणकत नाही आणि मी त्याच बाजूने चावते. गेल्या आठवड्यात एक्स-रे काढला. मुळांची टोके स्वच्छ आहेत आणि सिमेंटखाली एका मुळाच्या तोंडाशी पातळ पांढरी रेघ दिसते. साखर आता ६.८ आहे.

एक शंका आहे. तपासणीत दाढेला थंड फवाऱ्याचा कापूस लावला तेव्हा मला काहीच जाणवले नाही. शेजारच्या दाढेला लगेच जाणवले. मज्जा जिवंत असेल, तर थंड का कळत नाही?

दंतशिल्प | २४ मार्च २०२५

वाचून फार आनंद झाला. थंड ओळखणारी मज्जा दाढेच्या वरच्या पोकळीत होती, ती आपण काढून टाकली आहे. उरलेली मज्जा मुळांत, सिमेंटच्या जाड थराखाली आहे आणि तेथपर्यंत गारवा पोचत नाही. त्यामुळे पूर्ण वरची मज्जा काढलेल्या दाढेत ही चाचणी आता कधीच उपयोगाची नाही. म्हणूनच दुखत नसले तरी एक्स-रे काढत राहावे लागते : आणखी सहा महिन्यांनी, आणि मग वर्षातून एकदा. पांढरी रेघ पुलाची असावी. पुढच्या एक्स-रेमध्ये ती अधिक ठळक दिसते का ते पाहा.

वाळवंटीकाठ | २५ मार्च २०२५

आभारी आहे. पुढची तारीख सप्टेंबरमध्ये, चवथ झाल्यावर घेतली आहे. तो एक्स-रे हाती आला की येथेच लिहीन.